काउंटरच्या अलीकडून: ‘व्हॅलहॅला’ गेमबद्दल

कथाप्रधान गेम निवडताना मी आधी एकच गोष्ट बघते: नायिकेला पोटापाण्याचा काही उद्योग आहे का. भाकितं, हरवलेली राज्यं, जग वाचवणारा वीर असलं काही निघालं की माझं मन रमत नाही. दर दोन मिनिटांनी उत्तरांचे तीन पर्याय समोर टाकणाऱ्या व्हिज्युअल नॉव्हेलही (चित्रं बघत, संवाद वाचत पुढे जायचे गेम) मी अर्ध्यात सोडते. मग समोरचा माणूस काय सांगतोय ते बाजूला राहतं आणि काय बोललो तर तो खूश होईल याचाच हिशेब डोक्यात चालू होतो.

या आवडीनिवडीत चपखल बसलेला गेम म्हणजे ‘व्हीए-११ हॉल-ए’. उच्चार ‘व्हॅलहॅला’. व्हेनेझुएलातल्या सुकेबान गेम्स या छोट्या चमूने तो २०१६ साली आणला. जिल स्टिंग्रे ही २७ वर्षांची मुलगी ग्लिच सिटी नावाच्या भविष्यातल्या शहरात बार सांभाळते. आपण जिल. संवादाचे पर्याय नाहीतच. गिऱ्हाईक येतं, बोलतं, काहीतरी मागतं आणि आपण ते बनवून देतो. ॲडेलहाइड, ब्रॉन्सन एक्स्ट्रॅक्ट, पावडर्ड डेल्टा, फ्लॅनरगाइड आणि कार्मोट्रिन हे पाच घटक. बर्फ हवा का, मुरवायचं का, हे पाककृतीत बघायचं. शेकर गरजेपेक्षा जास्त वेळ हलवला तर साधं मिश्रण घुसळलं जातं आणि पेय बिघडतं. दारूचा अंश फक्त कार्मोट्रिनमध्ये. काही पेयांत ते किती घालायचं हे आपल्यावर सोडलेलं असतं, आणि हात सैल सोडला की समोरच्याची जीभही सैल होते. तुम्ही काय बोलता यापेक्षा काय ओतता यावर गोष्ट वळते. ही कल्पना मला अजूनही थोर वाटते.

मी नाशकात मेडिकलच्या काउंटरवर उभी असते, म्हणून असेल, पण गिऱ्हाइकांचं मागणं या गेमने जितकं खरं लिहिलंय तितकं मी दुसरीकडे पाहिलं नाही. माणसं नाव घेऊन वस्तू मागत नाहीत. आमच्याकडे ‘ती छोटी पिवळी गोळी’ असते, इथे ‘काहीतरी गोड दे’, ‘काहीतरी कडू चालेल’. कोण नेहमीचंच घेतं हे लक्षात ठेवावं लागतं. आणि मागणं पुरं झालं तरी माणूस रेंगाळतो, कारण खरं बोलायचं असतं ते त्यानंतर. डोरोथी ही यंत्रमानव मुलगी स्वतःच्या देहविक्रयाच्या धंद्याबद्दल इतक्या मोकळेपणी बोलते की पहिल्या भेटीत मी अवघडले होते. नंतर तिचीच वाट बघू लागले. अल्मा हॅकर आहे, पण बारमध्ये येऊन बोलते ती बहुतेक घरच्यांबद्दल.

शहरात मोठमोठ्या घडामोडी होतात. बँकेत ओलीसनाट्य घडतं, खासगी पोलीसदलातली सेई त्यात सापडते. दुसऱ्या कुठल्याही गेमने आपल्याला बंदूक देऊन तिथे धाडलं असतं. इथे आपण बारमध्येच. सेईची मैत्रीण स्टेला काळजीने अर्धी होऊन समोर येते, तेव्हा तिच्यासाठी करण्यासारखं एकच असतं: नीट पेय बनवणं. त्या वेळी मी प्रत्येक घटक दोनदा मोजून टाकला.

पैशाची बाजूही आहे. शिफ्ट संपली की जिल घरी जाते. तिथे फोर नावाचं मांजर, फोनवर बातम्या आणि भरायची बिलं. तिला दुकानातलं काहीतरी मनापासून हवं असतं. ते घेतलं नाही तर दुसऱ्या दिवशी कामात तिचं चित्त लागत नाही, आणि एरवी पडद्यावर आठवण म्हणून दिसणारी ऑर्डर दिसेनाशी होते. आता ती तुम्ही लक्षात ठेवायची. मनाची अवस्था सांगायला एक ओळही न लिहिता ती खेळणाऱ्याच्या डोक्यात उतरवणं म्हणजे काय, हे इथे कळतं. भाड्यासाठी पैसे राखायचे की जिलचा हट्ट पुरवायचा, यात मी दरवेळी हट्टच पुरवला. पुढे जुन्या नात्याची एक बातमी बारच्या दारातून आत येते. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

खटकलं तेही सांगते. काही विनोद चावट नाहीत, सरळ गलिच्छ आहेत. डील आणि बेटी या गिऱ्हाइकांच्या गप्पा लांबतात. आणि सगळं वाचायचं आहे. संवादांना आवाज नाही, इंग्रजी बोलीभाषेतलं. गारोड या संगीतकाराचं संगीत मात्र सुरेख. शिफ्टआधी ज्यूकबॉक्समध्ये बारा गाणी आपण लावायची, आणि ती वाजत असताना वाचनाचा कंटाळा येत नाही.

याच वाटेवरचा इंडोनेशियातून आलेला ‘कॉफी टॉक’ (२०२०) खूप जण सुचवतात. सिॲटलमधला कॅफे, पाऊस, गरम पेयं, सगळं छान. पण तिथे भाडं नाही, बिल नाही, म्हणून चुकण्याची भीतीही नाही, आणि मला ती लागते. ‘वेण्बा’ (२०२३) मात्र जरूर खेळा. टोरांटोतल्या तमिळ घराची गोष्ट, दीड-दोन तासांत संपते. इडलीपात्राच्या ताटल्या एकावर एक कशा लावायच्या, म्हणजे वाफ वरपर्यंत पोचेल, हे कोडं आपल्याकडच्या कुणालाही क्षणात सुटेल.

‘व्हॅलहॅला’ साध्या लॅपटॉपवरही चालतो, निन्टेंडोच्या स्विच या गेमयंत्रावरही आहे. सलग बसून उरकू नका. रात्री जेवणं झाल्यावर एक शिफ्ट, एवढाच वेग त्याला मानवतो. लहान मुलं शेजारी असताना लावू नका. आणि पहिल्यांदा खेळताना पाककृती कुठून शोधून आणू नका, गेममध्येच पुस्तक दिलंय, ते उघडा.