रामबागेतलं गटाच्या बायकांचं वाळवणाचं दुकान: आलूचे चिप्स, किस आणि लाल तिखट

या दुकानाबद्दल कधीपासून लिहायचं होतं, दरवेळी राहून जात होतं. आता आषाढी तोंडावर आलीये आणि घरोघरी उपासाच्या सामानाची शोधाशोध सुरू होईल म्हणून आज लिहूनच टाकते.

आमच्या इंदौरच्या रामबागेत गल्लीच्या तोंडाशी एक छोटा गाळा आहे, पाटी इतकी लहान की पहिल्यांदा मी दोनदा पुढे निघून गेले, पण कुणालाही "गटवाल्या बायकांचं दुकान" विचारा, सांगतील. देपालपूरकडच्या एका गावातल्या 10 बायकांचा बचत गट आहे, त्यातल्या दोघी-दोघी आळीपाळीने सकाळच्या बसने येतात आणि संध्याकाळी परत जातात. माल गावातच तयार होतो, इथे फक्त विक्री.

आधी चिप्सबद्दल सांगते कारण मी गेले त्यासाठीच. मागच्या वर्षी बाजारातून सुटे चिप्स आणले होते, दिसायला पांढरेशुभ्र, पण तळले की मधे करपल्यासारखे तपकिरी डाग आणि खाताना जिभेवर गोडूस चव, सासूबाईंनी उपासाच्या दिवशी ताट बाजूला सारलं, मला फार वाईट वाटलं. इथे मी तीच तक्रार सांगितली तर काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, "भाभी, वो कोल्ड स्टोरेज का आलू होगा." मग त्यांनी नीट समजावलं. बटाटा जास्त थंडीत ठेवला की त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तळताना तीच साखर लाल पडते. यांचे चिप्स फेब्रुवारी-मार्चमध्ये शेतातून निघालेल्या ताज्या चिप्सोना आलूचे, त्या जातीत मुळातच साखर कमी. आपल्या माळव्याचा आलू चिप्ससाठी एवढा नावाजलेला आहे तो याच कमी साखरेमुळे, हे इतकी वर्षं इंदौरात राहून मला माहीत नव्हतं!

घरी येऊन चार चिप्स तळले. तेलात टाकल्याबरोबर कडा वर उचलल्या जातात, दोन-तीन सेकंदांत पूर्ण फुलून मलईच्या रंगाचे होतात, एकही डाग नाही, आणि इतके पातळ की उजेडात धरलं तर पलीकडचं बोट दिसतं. मीठ बेताचं. बटाट्याचा किससुद्धा छान, सुटा-सुटा राहतो, शेंगदाणे आणि थोडी साखर घालून परतला की झालं. साबुदाण्याच्या चकल्या मात्र मला खारट वाटल्या, तसं मी त्यांना सांगितलंय.

भाव: चिप्स 200 ग्रॅम 95 रुपये, किलोचं पाकीट 450. कुणाला महाग वाटेल, पण ज्यांनी घरी वाळवण घातलंय त्यांना हिशोब माहीत आहे, पाच-सहा किलो बटाटे सोला, चिरा, तुरटीच्या पाण्यातून काढा, उकळा, वाळवा, तेव्हा कुठे जेमतेम किलोभर हातात येतं. माझी आई गच्चीवर जुन्या साड्या पसरून घालायची आणि आम्हा भावंडांना कबुतरं हाकलायला बसवायची, आणि तरी धूळ बसायचीच, वावटळ आली की सगळं गोळा करून पळा.

यांच्याकडे आता सोलर ड्रायर आहे, आणि इथूनच सरकारी पैशाची गोष्ट सुरू होते जी मला सगळ्यांना सांगायचीये. दुकानात भिंतीवर पीएमएफएमई योजनेचा कागद लावलाय, म्हणून मी विचारलं हे काय. केंद्र सरकारने 2020 च्या जूनमध्ये छोट्या खाद्य उद्योगांसाठी सुरू केलेली योजना, सुरुवातीला 5 वर्षांसाठी 10,000 कोटींची, पैसा केंद्र आणि राज्य 60-40 असा उचलतात. यात यंत्रांच्या खर्चावर 35 टक्के सबसिडी, जास्तीत जास्त 10 लाख. शिवाय त्यात एक जिल्हा एक उत्पादन आहे, म्हणजे प्रत्येक जिल्ह्याचं एक ठरलेलं उत्पादन, इंदौरचं आलू, बुऱ्हाणपूरचं केळं. म्हणजे गटाने जे वर्षानुवर्षं अंगणात केलं त्यालाच पैसे मिळाले, नवीन काही शिकून मग उभं राहा असं झालं नाही.

ताईंनी हिशोब तोंडपाठ सांगितला. ड्रायर, काप करायचं मशीन, पाकीट सील करायचं मशीन, पत्र्याची शेड धरून 6 लाख. त्यातले 60 हजार गटाने स्वतःचे घातले, 5 लाख 40 हजार बँकेचं कर्ज, सबसिडी 2 लाख 10 हजार. पण ती सबसिडी हातात येत नाही हं, हे कुणी आधी सांगत नाही! ती कर्जाच्या खात्यात वेगळी ठेवतात, 3 वर्षं हप्ते नीट भरले की मगच कर्जात वळती होते. हप्ता थकला तर ती अडकते. त्यामुळे पहिल्या वर्षी दोघींनी बांगड्या गहाण टाकून हप्ते भरले, हे सांगताना ताईंचा आवाज खाली गेला. एका बँकेने तर तीन महिने नुसत्या चकरा मारायला लावल्या, मग दुसरीकडे काम झालं. अर्जाचे कागद तयार करायला जिल्ह्याचा डीआरपी (डिस्ट्रिक्ट रिसोर्स पर्सन) म्हणून एक मदतीचा माणूस मिळतो, त्याचे पैसे योजनेतूनच मिळतात, गटाने द्यायचे नसतात. कुणी गट असाल आणि वाचत असाल तर हे लक्षात ठेवा, मधल्या दलालाला एक रुपया देऊ नका. आणि प्रत्येक बाईमागे 40 हजारांपर्यंत बीज भांडवल आहे, ते गटांच्या संघामार्फत मिळतं, कच्चा माल आणि बारीकसारीक अवजारांसाठी. यांनी त्यातूनच पहिल्या हंगामाचा आलू रोखीने घेतला, व्यापाऱ्याची उधारी केली नाही. मला विचाराल तर त्या उधारीतून सुटणं हाच सगळ्यात मोठा फायदा झाला.

पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, 14 आकडी नंबर आहे. सुरुवात 2 ने होते म्हणजे लहान उद्योगाची नोंदणी, मोठ्या लायसन्सचा नंबर 1 ने सुरू होतो. नोंदणी करताना वर्षाला 100 रुपये फी भरली म्हणाल्या. मी फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवर नंबर टाकून बघितला, गटाचं नाव बरोबर आलं. तुम्हीपण कुठल्याही पाकिटाचा बघत जा, मिनिटभराचं काम आहे.

लाल तिखटाचं मला जरा जास्तच भ्या होतं, भेसळीच्या इतक्या बातम्या वाचतो आपण. यांची मिरची निमाडातून, बेडियाच्या मंडीतून येते, गावातच कांडतात. पहिलं पाकीट आणलं तेव्हा काचेच्या ग्लासात पाणी घेऊन वरून चिमूटभर टाकली, नकली रंग असला की खाली लाल रेघा उतरतात, तशा उतरल्या नाहीत. तरी मन भरलं नाही. आठवड्याने आमच्या इकडे खाद्य विभागाची चलित प्रयोगशाळा, ती गाडी, आली होती, तिथे 10 रुपयांत सॅम्पल तपासतात, मी तिखट आणि घरचं दूध दोन्ही घेऊन गेले. समोरच तपासलं, तिखटात रंग निघाला नाही, दूधही ठीक. 20 रुपयांत एवढी खात्री! सरकार अशा गाड्यांवर जो खर्च करतं तो वसूल होतो असं माझं अगदी मनापासून मत आहे, आणि आपणच तिथे रिकाम्या हाताने बघत उभे राहतो, घरून काहीतरी घेऊन जात जा. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन ताईंना सांगितलं तर त्यांनी आतल्या दुसरीला हाक मारून पुन्हा सांगायला लावलं.

तक्रारी पण लिहिते. पाकिटावरची पॅकिंगची तारीख शाईच्या शिक्क्याची आहे, हात लागला की पुसते, माझ्या एका पाकिटावर महिना वाचताच येईना. खायच्या वस्तूवर हे चालायचं नाही, मी स्पष्ट बोलले, त्यांनी लगेच दुसरं पाकीट दिलं आणि छापायचं मशीन पुढच्या हंगामात घेणार म्हणाल्या. किलोचं पाकीट उघडलं की बंद होत नाही, लगेच डब्यात भरा, पावसाळ्यात तर एका दुपारीत मऊ पडतात. आणि दुकान आठवड्यातले चारच दिवस उघडं, मंगळवार ते शुक्रवार, शेवटची बस पकडायची म्हणून पाचला शटर खाली. नोकरीवाल्यांची पंचाईत होते, एखादा रविवार तरी ठेवा अशी माझी विनंती आहे. यूपीआय चालतं.

चिप्स एकदाच हंगामात होतात, संपले की पुढच्या फेब्रुवारीपर्यंत नाहीत, मागच्या वर्षी नवरात्रात मी गेले तेव्हा फक्त किस उरला होता. यंदा एकादशीसाठी 3 किलो आधीच सांगून ठेवलेत, एक घरी, एक पुण्याला मुलीकडे, आणि एक शेजारच्या काकूंना, त्यांना जिना उतरवत नाही.