राजारामपुरीतलं मोबाईल दुकान: हाताला गुण हाय, पण न विचारता रीसेट मारतात

दुकानाचं नाव लिहीत नाही, पोरं तशी वाईट नाहीत आणि मला परत तिथंच जायचंय. कोल्हापुरात राजारामपुरीत आहे एवढं बास, गल्ली पण सांगत नाही. गेल्या वर्षी बॅटरी इथंच बदलून घेतली होती, अर्ध्या तासात काम, जुनी बॅटरी न मागता हातात दिली, आजपर्यंत एक तक्रार नाही. म्हणून या खेपेला डोळे झाकून गेलो आणि तिथंच गंडलो.

झालं असं की गगनबावड्याला जाऊन आल्यापासनं मोबाईल डेटाच चालू होईना. कॉल लागायचे, नेट नाही. काउंटरवरच्या पोरानं फोन घेतला, "काका, दोन मिनिटं" म्हणाला (काका! चाळिशी आत्ता कुठं लागलीय माझी) आणि खरंच दोन मिनिटात परत दिला. डेटा सुरू. दीडशे रुपये. खूश होऊन गाडीला किक मारायला गेलो तर कानातले ब्लूटूथ जोडेनात, घरी आलो तर घरचंच वायफाय पासवर्ड मागायला लागलं.

मग कळलं पोरानं काय केलं ते. सेटिंगमधे सिस्टीम, रीसेट ऑप्शन, तिथनं वायफाय, मोबाईल आणि ब्लूटूथ सगळंच रीसेट. फोटो, व्हॉट्सअॅप कशाला धक्का नाही, पण आजवर जोडलेली सगळी वायफाय साफ. घर, उद्यमनगरातलं ऑफिस, इचलकरंजीची बहीण, निपाणीची आत्या. डेटाचं दुखणं गेलं हे मान्य, पण त्यासाठी एपीएनच्या (म्हणजे सिमकंपनीच्या नेटच्या सेटिंगच्या) पानावर जाऊन तीन टिंबं दाबून 'रीसेट टू डिफॉल्ट' आधी करून बघायला काय हरकत होती? त्याला वायफायचा संबंधच येत नाही. नव्या काही फोनात तर मोबाईल नेटवर्कचं रीसेट वेगळं आणि वायफाय-ब्लूटूथचं वेगळं दिलंय, म्हणजे कंपन्यांना पण कळलं की लोक वैतागतात.

दुसऱ्या दिवशी परत गेलो. पोरगा म्हणतोय, "पासवर्ड रिकव्हर करून देतो, दोनशे होतील." कसं करणार विचारलं तर प्ले स्टोअरवरनं एक अॅप टाकलं, त्यानं पहिल्यांदा लोकेशनची परवानगी मागितली, मग तीन जाहिराती, आणि शेवटी काय दाखवलं तर राउटर कंपन्यांचे डिफॉल्ट पासवर्ड, अॅडमिन-अॅडमिन वगैरे. अरे भावा, ते मला पण माहितीय की. खरी गोष्ट अशी की अँड्रॉइड हे पासवर्ड सिस्टीमच्या आतल्या फाईलमधे ठेवतं, फोन रूट केलेला (म्हणजे सिस्टीमचं कुलूप मुद्दाम उघडलेला) नसला तर असलं कुठलंच अॅप तिथवर पोचत नाही, आणि रीसेटनंतर त्या फाईलमधनं पण नोंदी गेलेल्या असतात. म्हणजे वाचणार काय, कप्पाळ.

मग मालक आले आतनं. ते म्हणाले गूगल बॅकअपमधे असतील, फोन फॉरमॅट मारून परत सेटअप करू. बॅकअपमधे वायफायचे पासवर्ड असतात हे खरंय, पण ते फोन नव्यानं सेटअप करताना उतरतात, म्हणून चार पासवर्डसाठी अख्खा फोन पुसायचा? बँकेची अॅपं परत चालू करायची, यूपीआय परत नोंदवायचं. हात जोडले आणि निघालो. दोनशे दिले नाहीत, त्यांनी पण मागितले नाहीत, एवढं सांगायलाच पाहिजे.

शेवटी सगळं घरबसल्या फुकटात झालं. बायकोचा फोन घरच्या वायफायला जोडलेलाच होता. अँड्रॉइड १० पासनं पुढच्या फोनात त्या वायफायच्या नावावर जाऊन 'शेअर' दाबलं की बोटाचा ठसा मागतं आणि क्यूआर कोड दाखवतं, तो माझ्या फोननं स्कॅन केला की जोडलंच. काही फोनात कोडच्या खाली पासवर्ड अक्षरात पण दिसतो, तिच्यात दिसला, आणि बघतोय तर आमच्याच गाडीचा नंबर! मीच ठेवलेला आणि मीच विसरलेला. बायको जे काय बोलली ते इथं लिहीत नाही. आयफोनवाल्यांना आयओएस १६ पासनं साठवलेला पासवर्ड सेटिंगमधेच बघता येतो, बहिणीकडं आयफोन आहे, तिनं बघून व्हॉट्सअॅपला टाकला.

ऑफिसचं मात्र जरा डोकं लावावं लागलं. तिथला आयटीवाला सोडून गेलाय, पासवर्ड कुणालाच माहीत नाही, सगळ्यांचं आपोआप जोडतंय म्हणून कुणी विचारलं पण नाही कधी. माझा विंडोजचा लॅपटॉप जोडलेला होता. कंट्रोल पॅनेल, नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर, तिथं वायफायच्या नावावर क्लिक, वायरलेस प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, आणि 'शो कॅरेक्टर्स'च्या चौकटीत टिक. काळ्या ठिपक्यांची अक्षरं झाली. काळ्या खिडकीत कमांड टाकून पण होतं, पण मला माऊसच बरा. आयटीवाल्यानं स्वतःचंच नाव ठेवलंय पासवर्ड म्हणून, अजून बदललेलं नाही आम्ही.

राहिली आत्या. तिच्या राउटरचा पासवर्ड कुणी बदलला नसणार हे मला पक्कं ठाऊक, म्हणून फोन केला आणि म्हटलं डब्याच्या मागं स्टिकर आहे तो वाच. डबा देवघराच्या वरच्या फळीवर. "थांब, स्टूल घेतो," मग "थांब, चष्मा आणतो," मग एकेक अक्षर. "बी... न्हाई न्हाई, आठ हाय रे ते." शून्य का ओ यावर आमची पाच मिनिटं गेली. "वाटोळं हाय बघ," म्हणाली. दोन्ही लिहून घेतलंय, निपाणीला गेल्यावर टाकून बघतो.

तर दुकानाला पाचात तीन. स्क्रीन, बॅटरी, चार्जिंगचं कनेक्टर असलं हातकाम असलं तर बिनधास्त जावा, दर वाजवी आहेत आणि थांबवून ठेवत नाहीत. एक स्टार न विचारता रीसेट मारल्याबद्दल कापला, आणि एक त्या अॅपबद्दल, जे मी अनइन्स्टॉल केलं तरी अजून त्या दुकानात रोज कुणाच्या ना कुणाच्या फोनात जात असणार. पुढच्या महिन्यात बायकोचा फोन स्क्रीनसाठी द्यायचाय, तेव्हा काउंटरवर ठेवायच्या आधीच सांगणार, सेटिंगमधे हात घालायचा नाही. आणि काका म्हणायचं नाही.