पुण्यात बदली, मूल आठवी-नववीत: स्टेट बोर्ड, सेमी, सीबीएसई की आयसीएसई?

बदली होऊन पुण्यात येणारी मंडळी आधी घर ठरवतात आणि मग घराजवळची शाळा शोधतात. मूल दुसरी-तिसरीत असेल तर हा क्रम चालून जातो. आठवीच्या पुढे असेल तर तो उलटा करावा. आधी मंडळ, मग शाळा, मग घर. मूल कोणत्या इयत्तेत प्रवेश घेतंय आणि आजवर कोणत्या भाषा शिकलंय, या दोन गोष्टींवरच निम्मे पर्याय बाद होतात. शाळेचं नाव किती मोठं, हा विचार त्यानंतरचा.

इयत्ता कोणती?

आठवीत येणाऱ्या मुलाला तिन्ही मंडळं खुली आहेत. नवा अभ्यासक्रम अंगवळणी पडायला हाताशी दोन वर्षं असतात. शिवाय आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायद्याचं संरक्षण आहे: जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू किंवा लांबवू शकत नाही.

नववीत मात्र निर्णय पक्का करूनच यावं. सीबीएसई आणि आयसीएसईमध्ये विद्यार्थ्याची मंडळाकडे नोंदणी नववीतच होते आणि तिथे लिहिलेले विषय दहावीच्या परीक्षेपर्यंत तेच राहतात. 'आत्ता घेऊ प्रवेश, नाही जमलं तर पुढच्या वर्षी बदलू' हे इथे चालत नाही.

दहावीत मंडळ बदलू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. सीबीएसईत थेट दहावीला प्रवेश मिळतो, पण पालकांची बदली किंवा कुटुंबाचं स्थलांतर अशा कारणासाठीच. त्याचे पुरावे शाळेमार्फत पाठवून मंडळाची परवानगी घ्यावी लागते. कागद जमले तरी अडचण संपत नाही. दहावीचा अभ्यास नववीच्या पायावर उभा असतो आणि तो पाया दुसऱ्याच पुस्तकांतून घातलेला असतो. बदली दहावीच्या ऐन वर्षात आली असेल तर त्याच मंडळाची शाळा शोधा, घरापासून दूर असली तरी चालेल. किंवा शक्य असेल तर मार्चपर्यंत एका पालकानं मुलासोबत जुन्या गावीच राहावं.

भाषा: खरी अडचण इथे येते

चौकशीला जाणारे पालक फी विचारतात, मैदान बघतात, निकाल विचारतात. भाषांबद्दल विचारायचं राहून जातं आणि जूनमध्ये वर्गात बसल्यावर कळतं की मुलाची भाषा शाळेत शिकवतच नाहीत.

राज्य मंडळाच्या दहावीला तीन भाषा लागतात. मराठी शाळेतून आलेल्या मुलाला मराठी आणि इंग्रजी सोपी जाते. घोळ होतो तो हिंदी-संस्कृतच्या जागी. काही शाळांत संपूर्ण हिंदी असते, काहींत संपूर्ण संस्कृत, काहींत 50 गुण हिंदी आणि 50 गुण संस्कृत असा संयुक्त पेपर. संयुक्त घेतलेलं मूल संपूर्ण संस्कृतच्या वर्गात गेलं तर त्याचा मागचा बराच अभ्यास भरून काढावा लागतो. 'तिसरी भाषा आहे का?' असं मोघम विचारू नका. 'नववीत संयुक्त की संपूर्ण, आणि दोन्हींच्या तासिका लागतात का?' असं विचारा.

सीबीएसईत दहावीच्या परीक्षेसाठी दोन भाषा पुरतात. बहुतेक मुलं इंग्रजीबरोबर हिंदी, संस्कृत, फ्रेंच किंवा मराठी घेतात. मंडळाच्या यादीत भाषा पुष्कळ आहेत, पण शाळेत शिक्षक नसेल तर यादीचा उपयोग नाही. हिंदीतही 'अ' आणि 'ब' असे दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत. शाळा कोणता घेते ते विचारून ठेवा. आयसीएसईत इंग्रजी अनिवार्य आहे. तिचे भाषा आणि साहित्य असे दोन वेगळे पेपर असतात आणि त्यात नाटक, कथा, कविता यांचा मूळ पाठ वाचून उत्तरं लिहावी लागतात. घरी आणि शाळेत आजवर मराठीच असलेल्या मुलाला नववीत हे फार जड जातं. बुद्धीचा इथे संबंध नाही, इतकं इंग्रजी वाचन आधी झालेलं नसतं एवढंच.

मराठीबद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो. सीबीएसई-आयसीएसईत गेलं की मराठी सुटली, असं अनेकांना वाटतं. 2020 च्या कायद्यानं राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं आहे. 2020-21 मध्ये पहिली आणि सहावीपासून सुरुवात करून ते टप्प्याटप्प्यानं दहावीपर्यंत नेण्यात आलं. परराज्यातून किंवा परदेशातून परतलेल्या मुलाला वर्गात मराठी कोणत्या पातळीवरून शिकवणार आणि मूल्यमापन गुणांनी करणार की श्रेणीनं, हे प्रवेशाआधी शाळेकडून लेखी घ्या.

परीक्षा समोरासमोर

तिन्हीकडे मुख्य विषयांचा ढाचा 80 गुण लेखी आणि 20 अंतर्गत असा आहे. त्यामुळे तिन्ही परीक्षा सारख्याच असतील असं वाटतं, पण आतली रचना वेगळी आहे.

राज्य मंडळात सहा विषय, 600 गुण. टक्केवारी मात्र सर्वोत्तम पाच विषयांवर, म्हणजे 500 पैकी काढतात. उत्तीर्ण व्हायला 35 टक्के. गणिताचे बीजगणित आणि भूमिती असे 40-40 गुणांचे दोन पेपर वेगवेगळ्या दिवशी होतात. विज्ञानाचेही दोन भाग, इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोल वेगळे. पेपर लहान, दिवस जास्त. एका बैठकीत कमी अभ्यास पेलणाऱ्या मुलाला ही रचना मानवते. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत अ श्रेणी असेल तर 7, ब असेल तर 5 आणि क असेल तर 3 वाढीव गुण मिळतात. खेळाडूंनाही सवलतीचे गुण आहेत. हे प्रस्ताव शाळेनं वेळेत पाठवावे लागतात, म्हणून चित्रकला किंवा खेळात पुढे असलेल्या मुलासाठी शाळेत त्या विषयाचे पूर्णवेळ शिक्षक आहेत का ते बघा.

सीबीएसईत पाच मुख्य विषय, उत्तीर्णतेला 33 टक्के. गणितात बेसिक आणि स्टँडर्ड असे दोन पर्याय आहेत. अकरावीला विज्ञान शाखेत जायचं असेल तर स्टँडर्डच घ्यावं. प्रश्नपत्रिकेतला सुमारे निम्मा भाग क्षमताधिष्ठित प्रश्नांचा असतो: उतारा, तक्ता किंवा एखादी परिस्थिती देऊन विचारलेले प्रश्न. पाठ केलेली उत्तरं तिथे कामाला येत नाहीत. 2026 पासून दहावीला दुसरी संधी त्याच वर्षी मिळते: फेब्रुवारीतली परीक्षा सर्वांना सक्तीची, मेमध्ये तीन विषयांपर्यंत गुण सुधारता येतात.

आयसीएसईत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांचे तीन स्वतंत्र पेपर असतात. विज्ञानाची गोडी असलेल्या आणि इंग्रजी पक्कं असलेल्या मुलाला याचा अकरावीत खरा फायदा होतो. अभ्यासाचा पसारा मात्र तिन्हीत सर्वांत मोठा.

मंडळ बदलताना कोणती प्रकरणं हुकतात, हे आधीच काढता येतं. राज्य मंडळाच्या नववीत संच आहे, अर्थनियोजन आहे आणि भूमितीत त्रिकोणमितीची सुरुवात आहे. सीबीएसईत त्रिकोणमिती दहावीत येते. आयसीएसईच्या दहावीत मॅट्रिक्स आहे, ते राज्य मंडळात या टप्प्यावर नाही. जुन्या आणि नव्या शाळेच्या चालू वर्षाच्या पुस्तकांच्या अनुक्रमणिका शेजारी ठेवून खुणा करा. एका संध्याकाळचं काम आहे. त्यातून निघालेली यादीच मे महिन्याचा अभ्यास.

वेळापत्रकाकडेही लक्ष द्या. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात त्याहून उशिरा. सीबीएसईचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं. सोलापूर किंवा अकोल्याहून जूनमध्ये येऊन सीबीएसईत बसणाऱ्या मुलाचा एप्रिल-मेमधला अभ्यास बुडालेला असतो आणि पहिली चाचणी जवळ आलेली असते.

सेमी इंग्रजी: कमी विचारला जाणारा चांगला पर्याय

मराठी माध्यमातून आलेल्या मुलासाठी आम्ही सर्वांत आधी हाच पर्याय सुचवू. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी विषय मराठीतून. पुढे अकरावी विज्ञानाला लागणारी परिभाषा दोन-तीन वर्षं आधी कानावर पडते आणि इतिहास-भूगोलाची उत्तरं मात्र मूल स्वतःच्या भाषेत लिहितं. पूर्ण इंग्रजी माध्यमात नववीला टाकलेलं मूल सगळ्याच विषयांत एकदम अडखळतं; इथे ओझं दोन विषयांपुरतंच राहतं.

पुण्यात जुन्या संस्थांच्या अनेक शाळा शहराच्या मध्यभागी, पेठांत आणि टिळक रस्त्याच्या परिसरात आहेत. नोकरी हिंजवडीला आणि घर वाकडला असेल तर रोजचा प्रवास मोठा पडतो. अशांनी आधी निगडी-चिंचवड भागातल्या शाळा पाहाव्यात. बऱ्याच शाळा दोन सत्रांत भरतात; नववी सकाळी की दुपारी, हे कळल्याशिवाय बसचं ठरवू नका. अनुदानित शाळांत वर्ग मोठे असतात, एका तुकडीत साठ मुलं हे नवं नाही. वर्गात गप्प राहणाऱ्या मुलासाठी ही बाजू विचारात घ्यावी. सीबीएसईत तुकडीची मर्यादा 40 आहे.

केंद्र सरकारच्या किंवा लष्करी नोकरीतल्या पालकांसाठी केंद्रीय विद्यालय सोयीचं आहे, कारण पुढची बदलीही तिथेच सामावली जाते. इतरांना नववीत जागा असेल तरच आणि प्रवेश परीक्षा देऊन शिरता येतं.

पैशाचा हिशेब

अनुदानित शाळेत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क नाही. केंद्रीय विद्यालयात नववी-दहावीला महिना 500 रुपये विकास निधी आणि 200 रुपये शिक्षण शुल्क आहे, त्यातलं शिक्षण शुल्क मुलींना माफ. खासगी विनाअनुदानित शाळांत फरक प्रचंड असतो, म्हणून एकूण वार्षिक खर्च लेखी मागा: शिक्षण शुल्क, सत्र शुल्क, बस, गणवेश, पुस्तकं, सहली. शुल्क नियमन कायद्यानुसार फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीसमोर मंजूर व्हावी लागते आणि ती दोन वर्षं बांधील राहते. आधीचं मंजुरीपत्र बघायला मागितलं तर चांगली शाळा ते दाखवते. प्रवेशासाठी देणगी मागणं 1987 च्या कायद्यानं गुन्हा आहे.

मुलाला आठवीत एनएमएमएस (आर्थिक दुर्बल घटकांतल्या हुशार मुलांसाठीची केंद्र सरकारची) शिष्यवृत्ती मिळाली असेल तर विशेष सावध राहा. वर्षाला 12,000 रुपये बारावीपर्यंत मिळतात, पण फक्त शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकत असताना. खासगी विनाअनुदानित शाळेत किंवा केंद्रीय विद्यालयात गेलं की ती बंद.

दहावीनंतरचं

अकरावीच्या केंद्रीय ऑनलाइन प्रवेशात तिन्ही मंडळांचे टक्के जसेच्या तसे एका यादीत येतात. ज्या शाळेला जोडून कनिष्ठ महाविद्यालय आहे, तिथे दहावी झालेल्यांना 10 टक्के इनहाउस कोटा असतो. चांगल्या कॉलेजात ही मोठी जमेची बाजू आहे. वैद्यकीयच्या राज्य कोट्यातल्या 85 टक्के जागांसाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात, अधिवास प्रमाणपत्र वेगळं. मंडळ कोणतंही चालतं. म्हणून पुण्याहून बेंगळुरू किंवा हैदराबादला निघालेल्यांनी दहावी राज्याबाहेर देण्याआधी याचा विचार करावा. सरकारी नोकरीतल्या बदल्यांना यात काही अपवाद आहेत.

पैसे भरण्याआधी

'सीबीएसई पॅटर्न' असं फलकावर लिहिलेली शाळा संलग्न असेलच असं नाही. संलग्नता क्रमांक विचारा, मंडळाच्या संकेतस्थळावर तपासा आणि ती दहावीपर्यंत आहे की आठवीपर्यंतच, हे बघा. आठवीपर्यंतच असेल तर मुलाची नोंदणी दुसऱ्याच कुठल्या तरी शाळेतून होण्याचा धोका असतो. राज्य मंडळाच्या शाळेकडे मंडळाचा इंडेक्स क्रमांक आणि 27 नं सुरू होणारा 11 अंकी यूडायस (सरकारी नोंदीतला शाळेचा) क्रमांक हवा.

जुन्या शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला घेताना तिथेच उभं राहून तो वाचा: नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात-पोटजात. नव्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये हेच उतरतं. काही सीबीएसई शाळांच्या दाखल्यावर जातीचा रकाना नसतो. पुढे जात पडताळणीत तो लागतो, म्हणून जुन्या दाखल्याच्या आणि रजिस्टरच्या उताऱ्याच्या साक्षांकित प्रती जपून ठेवा. परराज्यातून येत असाल तर दाखल्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घेऊनच निघा. नंतर त्यासाठी परत जावं लागतं. सरल आणि यूडायस प्लस या सरकारी ऑनलाइन प्रणालींवर मुलाची नोंद ऑनलाइन वर्ग झाली का, हे दोन्ही शाळांकडून पडताळून घ्या. जुन्या शाळेनं विनंती मंजूर केली नाही तर मूल कागदोपत्री तिथेच राहतं आणि दहावीचं आवेदनपत्र भरताना शाळा अडते. चुकलेली जन्मतारीख किंवा नाव दहावीच्या परीक्षेआधीच शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेनं दुरुस्त करून घ्या. गुणपत्रिका छापली गेली की हे काम कितीतरी पट अवघड होतं.