कॉलेजच्या डेटा सायन्स क्लबची मेंबरशिप: साडेतीनशे रुपये वसूल होतात का?

ऑगस्ट लागला की ज्युनिअर्सचे मेसेज सुरू होतात, ताई क्लब जॉईन करू का, पैसे वाया जातील का, सर्टिफिकेट भेटतं का. प्रत्येकाला वेगळं टाईप करत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते, नंतर कुणी विचारलं की लिंक चिकटवायची. मी एआय-डीएस (आर्टिफिशियल इंटेलिजन्स आणि डेटा सायन्स) ब्रांचची, थर्ड इयर, कॉलेज संभाजीनगरात. कॉलेजचं नाव लिहीत नाही, इंटर्नलचे मार्क अजून बाकी आहेत बाबा.

पाचपैकी साडेतीन स्टार. त्यातले तीन एकट्या शनिवारच्या सेशनचे आहेत आणि उरलेला अर्धा बाकी सगळ्याला मिळून, म्हणजे टी-शर्ट, बूटकॅम्प, फेस्ट, ग्रुपवरचे गुड मॉर्निंग सगळं त्यातच आलं.

फी वर्षाची ३५० रुपये. टी-शर्ट येतो, कापड असं की मे महिन्यात संभाजीनगरात घालून दाखवावा आणि बक्षीस न्यावं. साईझ एक मोठा सांगा, धुतल्यावर आटतो. बाकी टी-शर्टबद्दल बोलण्यासारखं काही नाही.

बूटकॅम्प सेमिस्टरच्या सुरुवातीला असतो. पहिल्या दिवशी पायथनचे लूप, दुसऱ्या दिवशी पांडास (टेबलं हाताळायची पायथनची लायब्ररी), तिसऱ्या दिवशी थेट कॅगल ह्या डेटा स्पर्धांच्या साईटवरचं टायटॅनिक, म्हणजे त्या जहाजावरचं कोण वाचलं ते मॉडेलनं ओळखायचं, आणि संध्याकाळी सगळ्यांच्या स्टेटसला "माय फर्स्ट एमएल मॉडेल". आता त्या टायटॅनिकची गंमत कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. ट्रेनच्या, म्हणजे मॉडेलला शिकवायच्या फाईलीत ८९१ ओळी आहेत, त्यात १७७ जणांचं वयच नाही आणि केबिनचा कॉलम तर जवळपास रिकामाच, पण खरी गोष्ट ही की काहीही न शिकवता नुसतं "बायका वाचल्या, पुरुष गेले" एवढं लिहून सबमिट केलं तरी ०.७६५ स्कोअर येतो, म्हणजे साडेशहात्तर टक्के बरोबर. ती फाईल कॅगल स्वतःच नमुना म्हणून देतं. मग तीन दिवस घासून ७८ टक्के आले ह्याच्यावर केक कापायचा का नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. बूटकॅम्पमध्ये हे सांगितलं असतं तर मी अर्धा स्टार अजून दिला असता. शिकवणारे वाईट नाहीत, पण दीडशे पोरांना एका प्रोजेक्टरवर कोण काय शिकवणार, मागच्या बाकावर तर स्क्रीनवरचा फॉन्टसुद्धा दिसत नव्हता.

आता शनिवारचं सेशन. ह्याची पोस्टर नसते, इन्स्टावर फोटो नसतो, म्हणून निम्म्या मेंबरांना माहीतच नाही की असं काही असतं. दुपारी लॅब उघडतात, फायनल इयरचे दोन-तीन जण बसतात आणि ज्याचं जे अडलंय ते घेऊन यायचं. लेक्चर नाही, पीपीटी नाही. दादा तुमचा लॅपटॉप स्वतःकडं ओढून घेत नाही हे सगळ्यात चांगलं, टाईप तुम्हीच करायचं, तो फक्त प्रश्न विचारून हैराण करतो.

एक प्रसंग सांगते म्हणजे कळंल. अंबाजोगाईचा एक सेकंड इयरचा पोरगा उद्या पाऊस पडेल का नाही हे सांगणारं मॉडेल घेऊन आला होता. डेटा आयएमडीचा, म्हणजे हवामान खात्याचा, पुण्याचं त्यांचं ऑफिस पावसाचा ग्रिड डेटा (नकाशाचे चौकोन पाडून प्रत्येकातला रोजचा पाऊस) फुकट देतं, १९०१ पासूनचा, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तर हा लॅपटॉप उघडायच्या आधीच सांगायलाय, दादा ८७ टक्के अॅक्युरसी. दादा म्हणे बरंय, कन्फ्युजन मॅट्रिक्स काढ. काढला, म्हणजे मॉडेलनं काय सांगितलं आणि खरंच काय झालं ह्याचा तक्ता. तर "पाऊस पडेल" ह्या रकान्यात वरपासून खालपर्यंत शून्य. म्हणजे मॉडेलनं वर्षभर रोज उठून "उद्या पाऊस नाही" एवढंच सांगितलं होतं, आणि आपल्या मराठवाड्यात हे बहुतेक दिवस खरंच निघतं! आयएमडीच्या हिशोबात २.५ मिलीमीटर झाला तरच तो पावसाचा दिवस, असे दिवस आपल्याकडं वर्षाला पन्नासच्या आतबाहेर, मग उरलेले तीनशेच्या वर दिवस काहीच न शिकता बरोबर. पोरगं पार पडलं ना तोंडावर. दादा म्हणे, "कामून रडायलास, एवढं तर माझा आज्जा बी सांगतो, त्याला जीपीयू लागत नाही." (जीपीयू म्हणजे मॉडेल भराभर शिकवायला वापरतात ती चिप.)

मग तिथंच बसून त्यानं पावसाच्या दिवसांना जास्त वजन दिलं, अॅक्युरसी धपकन खाली आली, पण पावसाचे निम्म्याहून जास्त दिवस पकडायला लागलं. त्यावर दादाचा पुढचा प्रश्न, डेटा फोडलास कसा? त्यानं नेहमीचं ट्रेन-टेस्ट स्प्लिट (थोडा डेटा शिकवायला, थोडा तपासायला) मारलं होतं, जे आपण सगळेच मारतो, आणि ते डिफॉल्टला सगळे दिवस पिसून टाकतं. म्हणजे सोमवार ट्रेनमध्ये आणि मंगळवार टेस्टमध्ये. झडीचे दिवस सलग असतात, मॉडेलला शेजारचा दिवस आधीच दिसलेला, परीक्षेच्या आधी पेपर हातात. वर्षावर फोड म्हणे, २०१५ पर्यंत शिकव आणि २०१६ वर तपास. हे वर्ष त्यानं मुद्दाम दिलं. २०१४ आणि २०१५ दोन्ही दुष्काळी, एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात असा पाऊस झाला की मांजरा धरण भरलं. कोरड्या सालांवर शिकलेलं मॉडेल त्या सप्टेंबरात कसं बावचळतं ते आम्ही सगळे खुर्च्या ओढून बघत होतो. मशीन लर्निंगच्या पेपरला हा टॉपिक आला तेव्हा आमच्या बेंचवर कुणालाच पाठ करावा लागला नाही.

माझ्या ग्रुपचं वेगळंच चाललं होतं. आमचा प्रोजेक्ट जिल्हावार पाऊस आणि सोयाबीनचं उत्पादन, दोन फाईली, दोन सरकारी साईटवरनं उतरवलेल्या. एकीत औरंगाबाद, दुसरीत छत्रपती संभाजीनगर, एकीत उस्मानाबाद दुसरीत धाराशिव, आणि बीडचं इंग्रजी स्पेलिंग एकीत आय लावून, दुसरीत डबल ई लावून. पांडासमध्ये दोन फाईली जोडायला मर्ज मारला की डिफॉल्ट इनर जॉईन असतो, नाव जुळलं नाही की ओळ गुपचूप गायब, ना एरर ना वॉर्निंग. आठ जिल्ह्यांचा मराठवाडा पाचांवर आला होता आणि ग्राफ तर पीपीटीत जाऊन बसला होता छानपैकी. ताईनं (फायनल इयरची, शनिवारला येणारी एकमेव मुलगी सिनिअर) ग्राफकडं बघितलंच नाही, मर्जच्या आधीचा आणि नंतरचा शेप (किती ओळी, किती कॉलम) प्रिंट करायला लावला, बास. आता हात आपोआप तेच टाईप करतो.

आणि एक गोष्ट सेशनमध्ये नाही, घरी कळली. दिवाळीत गावी, जिंतूर तालुक्यात, पप्पांना त्या ग्रिड डेटाचा नकाशा दाखवला. ग्रिडचा एक चौकोन ०.२५ अंशाचा, म्हणजे साधारण २७ किलोमीटर. पप्पा म्हणाले ह्याच्यात आपलं वावर कुठंय? मी बोट ठेवलं तर एका चौकोनात आमचं गाव, शेजारची गावं, पलीकडचं मार्केट, सगळंच. "अन् वढ्याच्या अलीकडं पडला, पलीकडं नाही पडला, ते कोण सांगणार?" ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, शनिवारी दादाकडंपण नव्हतं, पण त्यानं महसूल मंडळनिहाय पर्जन्यमापकाचे आकडे कुठं असतात ते काढून दिलं. सध्या त्याच्यावरच काम चालूय.

आता नावडलेलं. स्मार्ट इंडिया हॅकेथॉनचा (केंद्र सरकारची प्रोजेक्टची स्पर्धा) नियम आहे, सहा जणांची टीम आणि त्यात एक तरी मुलगी पाहिजे. नियम चांगलाच आहे. पण कॉलेजच्या इंटर्नल राऊंडच्या आदल्या आठवड्यात काय होतं ते आमच्या वर्गातल्या मुलींना विचारा, एरवी नोट्स मागायलासुद्धा न बोलणारे "ताई एक नाव टाकू का फॉर्मवर" करत मागं फिरतात. हो म्हणलं की तुमच्या वाट्याला पीपीटी आणि प्रेझेंटेशन, कोडच्या फोल्डरचा ॲक्सेस शेवटच्या रात्री. क्लबनं ह्यात काही बघावं तर क्लबचेच लोक ह्याच्यात पुढं. जाताना आधी विचारा की माझा मॉड्यूल कोणता, उत्तर "बघू नंतर" असलं तर सरळ नाही म्हणा. रात्रीच्या हॅकेथॉनला सकाळी नाष्ट्याला सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांची) होती, ती मात्र एक नंबर, शेंगदाणे मोजून टाकलेले नव्हते.

दुसरं, वेळ. शनिवारचं सेशन म्हणायला सहापर्यंत, रंगतं ते सहानंतरच, आणि हॉस्टेलच्या पोरींना आठला गेटच्या आत. पोरं चहाला बाहेर जातात आणि खरी चर्चा तिथं होते, कुठं इंटर्नशिप आहे, कुणाला मेल टाकायचा. आपल्याला ते सोमवारी उडत उडत कळतं. हे दोनदा लिहून दिलं, अजून काही हललेलं नाही. कापलेल्या दीड स्टारातला मोठा वाटा ह्याचाच आहे खरं तर.

फेस्टबद्दल काय बोलावं. डेटा सायन्सचा क्लब असून सगळ्यात जास्त मनुष्यबळ बॅनर, अँकरिंग आणि पाहुण्यांच्या शालीवर लागतं. कोअर टीमच्या पोस्ट कशा भरतात हे मला अजून कळलेलं नाही आणि कळून घ्यायचंही नाही.

क्लब न घेता चालंल का? चालंल की. कॅगल फोन व्हेरिफाय केल्यावर आठवड्याला साधारण ३० तास जीपीयू फुकट देतं, गूगलचं कोलॅब आहे, आयआयटीवाल्यांच्या एनपीटीईएलचे ऑनलाईन कोर्स फुकट बघता येतात, फक्त सर्टिफिकेटच्या परीक्षेला १००० रुपये लागतात. लॅबमधले चार जीबी रॅमचे पीसी बघून क्लब जॉईन करणार असाल तर नका करू, आम्ही पण तिथं बसून कॅगलच उघडतो. आणि सर्टिफिकेटचं विचारताय तर इंटर्नशिपच्या मुलाखतीत मला क्लबच्या सर्टिफिकेटबद्दल कुणी हूं की चूं केलं नाही, त्या तीन गायब जिल्ह्यांवर मात्र दहा मिनिटं बोलणं झालं.

तर ज्यांना शनिवारी दुपारी झोप सोडवते त्यांनी घ्या, ज्यांना टी-शर्ट आणि सर्टिफिकेट पाहिजे त्यांनी ३५० रुपयात दुसरं काहीतरी चांगलं खा. फॉर्म भरताना "टीम" ह्या रकान्यात टेक्निकलच लिहा. इव्हेंट लिहिलं की फेस्टच्या खुर्च्या तुमच्याच डोक्यावर, आणि नंतर टीम बदलून देत नाहीत.