फिजिक्ससाठी वेगळे कार्ड: घ्यावे की न घ्यावे?

गेमिंगच्या संगणकात केवळ फिजिक्सच्या, म्हणजे गेममधल्या वस्तू कशा पडतील, फुटतील, उडतील याच्या गणितासाठी वेगळे कार्ड बसवावे का, हा प्रश्न कायमचा निकाली निघाला असे बरीच वर्षे वाटत होते. २०२५ च्या सुरुवातीला एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांची आरटीएक्स ५० मालिका बाजारात आली आणि तिच्यातून ३२-बिट क्युडाचा (जुन्या ३२-बिट गेमना ग्राफिक्स कार्डावर गणित करू देणाऱ्या व्यवस्थेचा) आधार काढून टाकल्याचे लोकांच्या लक्षात आले. त्यामुळे ‘मिरर्स एज’, ‘बॅटमॅन: आर्कहॅम सिटी’, ‘बॉर्डरलँड्स २’ यांसारख्या जुन्या गेममधले फिजएक्सचे (एनव्हिडियाच्या फिजिक्स सॉफ्टवेअरचे) देखावे, जे दहा वर्षांपूर्वीच्या कार्डांवर सहज चालत होते, ते सर्वांत महागड्या नव्या कार्डावर प्रोसेसरच्या गळ्यात पडले. साहजिकच अनेकांनी ३२-बिट क्युडा चालवणारे जुने छोटे कार्ड शोधून मदरबोर्डच्या दुसऱ्या स्लॉटमध्ये (कार्ड बसवायच्या खाचेत) बसवले, आणि नवा संगणक जुळवणारेही विचारू लागले की आपणही तसेच करावे का. बहुतेकांनी हा खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांच्या बाबतीत तो रास्त ठरतो त्यांची संख्या थोडी आहे, आणि त्यांनाही दोन-तीन अटी पाहूनच पुढे जावे लागेल.

या कल्पनेचे मूळ एजिया या कंपनीत आहे. २००६ च्या मे महिन्यात असूस आणि बीएफजी यांनी एजियाची ‘फिजएक्स’ चिप असलेली कार्डे सुमारे ३०० डॉलरना विक्रीला आणली. १२८ एमबी मेमरी, साधा पीसीआय स्लॉट आणि एसएमपीएसकडून (वीज पुरवणाऱ्या डब्याकडून) वेगळी वायर असा त्या कार्डाचा थाट होता. ढिगारे कोसळणे, कापड फडफडणे, द्रव वाहणे यांचे गणित प्रोसेसरऐवजी ही चिप करील, असा वायदा होता. प्रत्यक्षात त्या काळच्या ‘घोस्ट रिकॉन: अ‍ॅडव्हान्स्ड वॉरफायटर’मध्ये कार्ड बसवल्यावर स्फोटातून उडणारे तुकडे वाढले खरे, पण फ्रेम रेट (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) उलट घसरला. कारण सरळ होते: तुकडा कुठे पडेल हे फिजिक्स कार्डाने ठरवले, तरी तो पडद्यावर रंगवायचे काम ग्राफिक्स कार्डालाच करावे लागे, आणि त्याच्या माथ्यावर अचानक शेकडो नवे तुकडे येऊन पडत. खास या कार्डाच्या प्रदर्शनासाठी केलेला ‘सेलफॅक्टर’ तर कापड आणि द्रव वगळता कार्डाशिवायही चालवता येतो, हे खेळणाऱ्यांनीच शोधून काढले.

माझ्या मते खरी अडचण कार्डाच्या ताकदीत नव्हती. जे कार्ड हजारात एखाद्याकडे असणार, त्यावर गेमचा निकाल अवलंबून ठेवणे कोणत्याही निर्मात्याला परवडत नाही. भिंत फोडून शत्रूच्या मागे जाण्याची वाट तयार होत असेल, तर ती भिंत प्रत्येक खेळाडूच्या संगणकावर फुटायला हवी. म्हणून असे फिजिक्स नेहमी प्रोसेसरवरच राहिले: २००४ च्या ‘हाफ-लाइफ २’मधली उचलून फेकायची पिंपे असोत, की २००९ च्या ‘रेड फॅक्शन: गरिला’मध्ये हातोड्याने पाडायच्या इमारती असोत, दोन्हीकडे हॅवॉक या कंपनीचे फिजिक्स सॉफ्टवेअर साध्या प्रोसेसरवर ते गणित करत होते. वेगळ्या कार्डाच्या वाट्याला उरली ती सजावट. धूर, धूळ, उडते कागद, काचांचे चुरे यांनी दृश्य अतिशय देखणे होते, यात मला शंका नाही. पण ते काढून टाकले तरी गेम तोच राहतो.

२००८ च्या फेब्रुवारीत एनव्हिडियाने एजिया विकत घेतली, त्याच वर्षी फिजएक्स आपल्या जीफोर्स ८ आणि पुढच्या कार्डांवर चालवून दाखवले, आणि एजियाच्या कार्डाची गरज तिथेच संपली. पुढच्या काही वर्षांत या सजावटीचा सुकाळ झाला. बॅटमॅन चालताना पायाशी सरकणारे धुके आणि फरफटणारे कागद, ‘माफिया २’मधल्या चकमकीत खांबांचे उडालेले तुकडे जमिनीवर साचत जाणे, ही त्या काळाची ओळख आहे. मात्र हेच गणित प्रोसेसरवर टाकले की गाडी अडते. चिपविषयक लेखक डेव्हिड कँटर यांनी २०१० मध्ये दाखवून दिले होते की त्या वेळचे फिजएक्स प्रोसेसरवर चालताना एक्स८७ ही फार जुनी आज्ञावली वापरते; शिवाय काम बहुतांशी एकाच थ्रेडवर, म्हणजे प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चाले. २०११ च्या तिसऱ्या आवृत्तीत ही स्थिती सुधारली, पण आधी तयार झालेले गेम जुन्या आवृत्तीवरच राहिले. आज सोळा कोअरचा प्रोसेसर घेतला तरी त्यांतले बहुतेक कोअर अशा वेळी हात बांधून बसतात, ते यामुळे.

हा फरक मी एका मित्राच्या संगणकावर जवळून पाहिला आहे. त्याच्याकडे आरटीएक्स ५० मालिकेचे कार्ड आहे. ‘मिरर्स एज’मध्ये कार्यालयाच्या काचांवर गोळ्यांचा मारा सुरू झाला, की प्रत्येक तावदानाबरोबर चित्र अडखळे आणि काचेचा चुरा हवेत लटकल्यासारखा दिसे. घरात पडून असलेले जीटीएक्स १६५० दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवल्यावर तोच चुरा अखंड खाली आला, जमिनीवर उसळला आणि पसरला. दृश्य खरोखर सुंदर होते. पण दोन कार्डांमध्ये जेमतेम बोटभर फट उरली होती, वरच्या मोठ्या कार्डाच्या पंख्यांना हवा मिळेना, आणि नवे गेम खेळताना त्याचा आवाज पूर्वीपेक्षा स्पष्टपणे वाढला. आठवड्यातून एखाद्या संध्याकाळच्या जुन्या गेमसाठी रोजच्या नव्या गेमवर हा भार पडत होता. त्याने शेवटी छोटे कार्ड काढून कपाटात ठेवले, आणि लागेल तेव्हाच लावतो.

दुसरे कार्ड घेणाऱ्याने किमतीआधी पाहायच्या गोष्टी याच आहेत. दोन कार्डांत मोकळी जागा किती राहते, आणि दुसरा स्लॉट वापरल्याने पहिल्या स्लॉटच्या किंवा एम.२ एसएसडीच्या लेन (माहिती वाहून नेणाऱ्या मार्गिका) कमी होतात का, हे मदरबोर्डच्या पुस्तिकेत पाहावे. विजेचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे, कारण ७० वॅटचे आरटीएक्स ३०५० ६ जीबी स्लॉटमधून मिळणाऱ्या विजेवरच चालते. खरा फास ड्रायव्हरचा, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा आहे. विंडोजवर एनव्हिडियाच्या दोन्ही कार्डांना एकच ड्रायव्हर लागतो, आणि ५९० मालिकेच्या ड्रायव्हरपासून मॅक्सवेल आणि पास्कल या जुन्या पिढ्यांच्या कार्डांचा आधार बंद झाला आहे. म्हणजे जुन्या बाजारात स्वस्तात मिळणारी जीटीएक्स ७५० टीआय, जीटी १०३० किंवा जीटीएक्स १०५० टीआय ही कार्डे, जी या कामासाठी पूर्वी हमखास सुचवली जात, ती आता घेऊ नयेत. घ्यायचेच तर जीटीएक्स १६ मालिका किंवा आरटीएक्स २०, ३०, ४० यांपैकीच घ्यावे.

त्यातही डिसेंबर २०२५ मध्ये चित्र बदलले. ५९१.४४ या ड्रायव्हरने आरटीएक्स ५० मालिकेवर नऊ निवडक गेमपुरता ३२-बिट फिजएक्सचा आधार परत आणला. वर आलेले ‘मिरर्स एज’, ‘आर्कहॅम सिटी’, ‘बॉर्डरलँड्स २’, ‘माफिया २’ आणि त्याशिवाय ‘मेट्रो २०३३’ हे सर्व त्या यादीत आहेत. म्हणून आरटीएक्स ५० बाळगणाऱ्याने आधी ड्रायव्हर अद्ययावत करावा आणि आपला आवडता गेम यादीत आहे का ते पाहावे. ‘क्रायोस्टॅसिस’सारखा यादीबाहेरचा गेम मनापासून खेळायचा असेल, तरच दुसऱ्या कार्डाचा विचार करावा. आरटीएक्स २० ते ४० मालिका असलेल्यांना हा प्रश्नच नाही. त्यांचे एकच कार्ड दोन्ही कामे करते. ‘आर्कहॅम नाइट’सारखे ६४-बिट गेम तर नव्या कार्डांवरही कधी अडले नव्हते.

नव्या गेमसाठी पहिल्यांदाच संगणक घेणाऱ्याने दुसऱ्या कार्डाची रक्कम सरळ मुख्य ग्राफिक्स कार्डात घालावी. अनेक गेम ज्यावर तयार होतात त्या अनरियल इंजिन ५ ने फिजएक्स सोडून स्वतःचे केऑस हे फिजिक्स सॉफ्टवेअर स्वीकारले आहे आणि आजच्या गेममधले फिजिक्स जवळपास सर्वत्र प्रोसेसरच सांभाळतो. रिकाम्या स्लॉटमधल्या कार्डाला तिथे काम मिळत नाही.

एएमडीचे रेडिऑन कार्ड वापरणाऱ्यांसाठी उत्तर आणखी कडक आहे. चित्र दुसऱ्या कंपनीच्या कार्डावरून येत असेल तर फिजएक्सचे काम आपल्या कार्डाला करू न देण्याचा निर्बंध एनव्हिडियाने २००९ मध्येच ड्रायव्हरमध्ये घातला. पळवाटांच्या भरवशावर पैसे टाकण्यापेक्षा गेमच्या सेटिंगमध्ये फिजएक्स बंद किंवा कमी ठेवून खेळावे.

ज्यांच्या घरी योग्य पिढीचे कार्ड पडून आहे, त्यांनी मात्र जरूर करून पाहावे. कार्ड बसवून एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये फिजएक्सच्या पानावर प्रोसेसर म्हणून ते छोटे कार्ड निवडावे, मॉनिटरची वायर मुख्य कार्डालाच ठेवावी, आणि एखाद्या नव्या, जड गेममध्ये अर्धा तास घालवून मुख्य कार्डाचे तापमान आधी किती होते आणि आता किती आहे, हे लिहून ठेवावे.