शहापूरचा शिवणवर्ग: शिकवणं झकास, रॅम्प नावापुरता

दिव्यांग आणि इतर मुली एकाच बाकावर शिकतात असा हा बेळगावातला वर्ग.

पायात ताकद नसेल तर पायमशीन देऊन उपयोग नाही. इथे मोटर बसवलीय आणि पेडल टेबलावर, उजव्या कोपराखाली ठेवलंय. कल्पना चांगली, पण पेडल नुसतं चिकटपट्टीनं डकवलंय. तास-दोन तासांत ते सरकतं, दाब कमी-जास्त होतो, मशीन एकदम पळतं आणि शिवण वाकडी जाते. खाली फळी घालून दोन स्क्रू मारले की भागलं!

कमी दिसणाऱ्यांसाठी सुईपासून दीड सेंटिमीटरवर लोहचुंबकाची पट्टी आहे. कापडाची कड तिला टेकवून सरकवायची. ऐकू न येणाऱ्यांना बॉबिनचा (खालच्या छोट्या रिळाचा) दोरा गुंतल्याचा खडखडाट कळत नाही, म्हणून डावा तळहात टेबलावर ठेवून बदललेली थरथर ओळखायला शिकवतात. बाई हे अजिबात घाई न करता करून घेतात.

दाराशी मात्र निराशा. पायरी 15 सेंटिमीटर उंच, रॅम्प जेमतेम 90 लांब. 1:12 चा उतार (उंचीच्या बारा पट लांबी) धरला तर 180 हवा. व्हीलचेअर मागून ढकलावीच लागते.

शिकवणं मराठीत, फळ्यावरची मापं कन्नडमध्ये. खानापूरकडच्या मुली सुरुवातीला गोंधळतात. फॉल-पिको पक्कं होतं (शहापूर-वडगावात साड्यांना काय तोटा), ब्लाऊजचं कटिंग मात्र उरकतात. मुंढ्याची (बाही जोडतात तिथली) गोलाई दोनदा विचारून घ्या.