वॉरंटी संपली की शिल्लक आहे? बिल, सिरियल नंबर, अ‍ॅप आणि कस्टमर केअर यांत भरवसा कशावर ठेवायचा

मोबाइल, लॅपटॉप किंवा इअरबड्स अजून वॉरंटीत आहेत का, हे कळायला चार रस्ते आहेत. खरेदीचं बिल बघायचं, कंपनीच्या वेबसाइटवर सिरियल नंबर टाकायचा, उपकरणातल्याच सेटिंगमध्ये किंवा अ‍ॅपमध्ये पाहायचं, नाहीतर कस्टमर केअरला फोन लावायचा. चारही ठिकाणी एकच तारीख मिळेल असं नाही. आणि तारखा जुळल्या नाहीत तर कुणाचं खरं धरायचं हे माहीत नसल्यामुळे कित्येक जण हक्काची फुकट दुरुस्ती सोडून पदरचे पैसे भरतात. म्हणून माझं मत आधीच सांगते: पहिली चौकशी सिरियल नंबरवरून करा, पण शेवटचा शब्द बिलाचा माना.

सिरियल नंबरचा रस्ता सर्वांत झटपट. अ‍ॅपल, डेल, एचपी, लेनोवो यांच्या वेबसाइटवर नंबर टाकला की मिनिटभरात तारीख समोर येते. डेलच्या लॅपटॉपवर याला सर्व्हिस टॅग म्हणतात, सात अक्षरं-आकड्यांचा, बहुधा खालच्या बाजूच्या स्टिकरवर. फोनवर *#०६# दाबलं की पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, दिसतो. फोन पूर्ण बंद पडला असेल तर खोक्यावरच्या बारकोडपाशी पाहा. खोकं रद्दीत गेलं असेल आणि फोन अँड्रॉइड असेल, तर गूगलच्या हरवलेला फोन शोधण्याच्या सेवेत आपल्या खात्याने शिरलं की तिथेही तो नंबर मिळतो.

पण वेबसाइटला माहीत असते ती कंपनीच्या नोंदीतली तारीख. तुम्ही दुकानात पैसे कधी मोजले हे तिला ठाऊक असेलच असं नाही. समजा, एक लॅपटॉप मार्चमध्ये कंपनीतून निघाला, वितरकाच्या गोदामात आणि मग दुकानात पडून राहिला, आणि तुम्ही तो ऑगस्टमध्ये घेतला. वेबसाइट कदाचित पुढच्या मार्चमध्येच वॉरंटी संपली म्हणून सांगेल. तुमचे पाच महिने त्या हिशेबात नाहीत! अशा वेळी बिलाची प्रत देऊन तारीख दुरुस्त करून घेण्याची सोय मोठ्या कंपन्यांकडे असते. ती जरूर वापरा, आणि बिघाड व्हायची वाट न बघता खरेदीच्या आठवड्यातच वापरा. फोनच्या बाबतीत उलटाही प्रकार होतो. दुकानदाराने आधीच खोकं फोडून फोन सुरू केला असेल, तर कंपनीच्या नोंदीत वॉरंटी त्या दिवसापासून धावायला लागलेली असू शकते. नवा फोन घेताना काउंटरवरच तारीख तपासून घ्यावी ती यासाठी.

बिलाचं बळ इथेच कळतं. पक्कं जीएसटी बिल, त्यावर दुकानाचं नाव, तारीख, मॉडेल आणि सिरियल नंबर किंवा आयएमईआय असेल तर सर्व्हिस सेंटरमध्ये वाद घालायला फारशी जागा उरत नाही. नंबर नसलेलं बिल लंगडं असतं, कारण ते याच फोनचं आहे हे त्यावरून सिद्ध होत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत खरेदी करताना ‘बिलाशिवाय थोडं स्वस्त पडेल’ असं कुणी म्हटलं, तर ते स्वस्त पडत नाही हे लक्षात ठेवा. बिल न देणं हे २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेतच मोडतं, त्यामुळे मागायला संकोच नको. आणखी एक: दुकानातल्या छोट्या मशीनवर छापलेलं बिल उष्णतेवर चालणाऱ्या कागदाचं असतं, त्यावरची अक्षरं काही महिन्यांत पुसट होतात. घरी आल्या आल्या फोटो काढून स्वतःलाच ईमेल करा. ऑनलाइन खरेदीत ही चिंता कमी, जुन्या ऑर्डरमधून बिल पुन्हा उतरवता येतं.

स्वस्त इअरबड्स, पॉवर बँक, साधी स्मार्टवॉच यांच्यासाठी वेबसाइटवर तारीख पाहायची सोय अनेकदा नसतेच. तिथे बिल हाच एकमेव आधार.

सेटिंग आणि अ‍ॅपचा रस्ता सोयीचा, पण उपकरण चालू असेपर्यंतच. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट असं गेलं की वॉरंटीची ओळ दिसते. लॅपटॉपवर लेनोवो व्हँटेज किंवा मायआसुस यांसारखं अ‍ॅप तेच काम करतं. मात्र पडदाच काळा झाला असेल तर हे सगळं निरुपयोगी, आणि वॉरंटीची आठवण नेमकी तेव्हाच होते. म्हणून हा रस्ता मी वेळेआधीच्या तपासणीसाठी ठेवीन: वर्ष भरायला महिना उरला असताना एकदा पाहायचं, आणि बारीकसारीक तक्रारी असतील तर मुदतीतच नोंदवून टाकायच्या.

कस्टमर केअरला फोन मी सर्वांत शेवटी ठेवते. वेबसाइट आणि बिल जुळत नसेल तरच तो लावावा. त्यातही नंबर गूगलवर शोधून लावू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. खोटे कस्टमर केअर नंबर पेरून ठेवणाऱ्या टोळ्या आहेत. त्या ओटीपी मागतात किंवा तुमच्या फोनचा पडदा त्यांना दिसेल असं अ‍ॅप टाकायला लावतात, आणि बँकेतले पैसे जातात. नंबर कंपनीच्या वेबसाइटवरून किंवा वॉरंटी कार्डावरूनच घ्या. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

तारीख शिल्लक निघाली म्हणजे दुरुस्ती फुकट होईलच असंही नाही. अनेक फोनांना एक वर्षाची वॉरंटी असली तरी खोक्यातल्या चार्जर-केबलला सहाच महिने असतात. पाणी गेलं, पडदा फुटला, तर साधी वॉरंटी लागू पडत नाही. अनेक फोनांत सिमच्या खाचेत एक छोटी पट्टी असते. ती लाल झाली की आत ओल गेल्याचं सर्व्हिस सेंटरला कळतं.

दुबईहून किंवा अमेरिकेहून भावाने, मामाने आणलेल्या फोनांचं वेगळं. वेबसाइटवर तारीख शिल्लक दिसते, पण फोनची वॉरंटी ज्या देशात विकला त्याच देशापुरती मर्यादित ठेवण्याचा हक्क कंपन्या राखून ठेवतात. मॅकबुकसारख्या लॅपटॉपला परदेशातली वॉरंटी इथे बहुधा चालते. तेव्हा फोन आणि लॅपटॉप यांतलं एकच काही मागवायचं असेल तर मी लॅपटॉप मागवीन.

सेकंड हँड घेणाऱ्यांनी तर पैसे देण्याआधी सगळंच करावं. पडद्यावरचा आयएमईआय, खोक्यावरचा आणि बिलावरचा, तिन्ही जुळले पाहिजेत. शिवाय केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, एक जागा सोडून आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. त्याने वॉरंटी कळत नाही, पण फोन चोरीचा म्हणून बंद केलेला आहे का हे कळतं, आणि ते वॉरंटीहून महत्त्वाचं. डेलसारख्या लॅपटॉपची मालकी वेबसाइटवर आपल्या नावे करून घ्यायलाही विसरू नका.

बिल तुमच्या बाजूने असूनही सर्व्हिस सेंटर नाही म्हणत असेल, तर तोंडी नकार घेऊन परत येऊ नका. तारीख आणि नकाराचं कारण लिहिलेली जॉबशीट, म्हणजे सर्व्हिस सेंटरची लेखी नोंद, मागा. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात गेला असाल तर ती जॉबशीटच तक्रार वेळेत केल्याचा पुरावा ठरते. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथेही काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, दुकान कुठेही असलं तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, आणि त्यासाठी तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.